तीन हजार पुस्तकांचा परीक्षक : हर्मन हेसे

हर्मन हेसे हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ‘सिद्धार्थ’ या कादंबरीमुळे माहीत असते. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांना निदान शशी कपूर आणि सिमी गरेवाल यांचा त्याच नावाचा चित्रपट आठवत असेल. जर्मन भाषेतील या लेखकाला १९४६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘स्टेपनवोल्फ’, ‘नार्सिस आणि गोल्डमुंड’, ‘काचमण्यांचा खेळ’ या कादंबऱ्यांवर आजवर भरपूर लिहिले गेले आहे. मला मात्र त्यांच्या एका निराळ्या कामाविषयी लिहायचे आहे. हेसे यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची परीक्षणे लिहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षापासून म्हातारपणापर्यंत त्यांनी लिहिलेल्या परीक्षणांची संख्या तीन हजारांच्या घरात जाते. जर्मनीत त्यांचे समग्र साहित्य वीस खंडांत छापले आहे. त्यातले पाच खंड, म्हणजे चौथा हिस्सा, केवळ परीक्षणांचे आहेत.

पुस्तकपरीक्षण हे तसे दुय्यम काम समजतात. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर कोपऱ्यात छापून येते आणि सोमवारी रद्दीत जाते. नोबेल मिळवणाऱ्या लेखकाने एवढा वेळ या कामात का घालवला, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला होता. त्याचे उत्तर त्यांच्या आयुष्याच्या हकिकतीतच आहे.

हेसे घराण्याचा आपल्या भागाशी दूरचा का होईना, पण खरा संबंध आहे. बेळगाव-धारवाडकडच्या जुन्या घरांवर अजून मंगळुरी कौले दिसतात. ती कौले काढण्याचा कारखाना १८६५ साली मंगळुरात ज्या बासेल मिशनने सुरू केला, ज्या मिशनची केंद्रे धारवाड आणि हुबळीलाही होती, त्याच मिशनमध्ये हेसे यांचे आईकडचे आजोबा हर्मन गुंडर्ट काम करीत होते. गुंडर्ट मलबारात तलश्शेरीला वीस वर्षे राहिले. मल्याळम भाषेचे व्याकरण त्यांनी लिहिले, मल्याळममधली पहिली नियतकालिके काढली आणि १८७२ साली मल्याळम-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. कन्नडला किट्टेल तसे मल्याळमला गुंडर्ट, असे म्हटले की आपल्याकडच्या मंडळींना लगेच उलगडा होईल. हेसे यांची आई मारी हिचा जन्म १८४२ साली तलश्शेरीलाच झाला. वडील योहानेस हेसे हेही काही वर्षे मंगळुरात होते. प्रकृती साथ देईना म्हणून १८७३ मध्ये ते युरोपात परतले आणि काल्व या छोट्या गावी गुंडर्ट यांच्या हाताखाली धार्मिक पुस्तकांच्या प्रकाशनाचे काम करू लागले. तिथेच त्यांनी मारीशी लग्न केले. २ जुलै १८७७ रोजी त्यांच्या पोटी हर्मन जन्मला.

या घरात पैसा फारसा नव्हता, पुस्तके मात्र भिंतीभर होती. आजोबांच्या ग्रंथालयात हजारो पुस्तके, त्यात अठराव्या शतकातले जर्मन साहित्य भरपूर. देशोदेशीची माणसे येत, निरनिराळ्या भाषा कानावर पडत. मुलगा मात्र हाताबाहेरचा होता. धर्मोपदेशक व्हावे म्हणून त्याला माउलब्रोनच्या मठातल्या शाळेत घातले. १८९२ च्या मार्चमध्ये तो तिथून पळाला. त्याच वर्षी त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला, काही काळ त्याला मनोरुग्णांच्या संस्थेत ठेवावे लागले. पुढे शाळा सुटली ती कायमची. एका पुस्तकाच्या दुकानात लावून दिले तर तीन दिवसांत पळ काढला. मग काल्वमध्ये मनोऱ्यावरची मोठी घड्याळे बनवणाऱ्या कारखान्यात कानस चालवीत वर्ष-सव्वा वर्ष काढले. या काळात त्याचे खरे शिक्षण झाले ते आजोबांच्या कपाटांपुढे. नापास ठरलेला, घरच्यांना नकोसा झालेला हा पोरगा तिथे बसून हाती येईल ते वाचीत होता.

१८९५ च्या ऑक्टोबरात ट्युबिंगेन या विद्यापीठाच्या गावी हेकेनहाउअर यांच्या पुस्तकाच्या दुकानात त्यांची उमेदवारी सुरू झाली आणि या वेळी ते टिकले. दिवसभर उभे राहून पुस्तके लावायची, बिले करायची, गठ्ठे बांधायचे, पत्ते लिहायचे. समोर त्यांच्याच वयाचे विद्यार्थी येऊन पुस्तके घेऊन जात. दुकान बंद झाले की खोलीवर जाऊन गटे आणि जर्मन स्वच्छंदतावादी कवी वाचायचे. पुस्तक हा माल आहे, त्याला वजन असते, त्याची किंमत असते, ते विकले गेले नाही तर फळीवर धूळ खात पडते, हे ज्ञान प्राध्यापकाला नसते ते त्यांना इथे मिळाले. त्यांचे परीक्षण वाचताना मला नेहमी गल्ल्यामागे उभा असलेला, गिऱ्हाइकाची पारख असलेला माणूस दिसतो. हे पुस्तक तुम्हाला आवडेल, ते तुमच्यासाठी नाही, याची छपाई बघा, याचा कागद मात्र हलका आहे, असे बोलणारा. त्यांच्या कितीतरी टिपणांत बांधणी, टाइप आणि किंमत यांचा उल्लेख असतो, तो या दिवसांची खूण आहे.

विकल्या न जाणाऱ्या पुस्तकाचे दुःखही त्यांना लवकरच कळले. १८९९ मध्ये त्यांचे गद्याचे पहिले पुस्तक निघाले. सहाशे प्रती छापल्या, पहिल्या वर्षात पन्नासच्या आसपास खपल्या. त्याच वर्षी ते स्वित्झर्लंडमध्ये बासेलला गेले, आधी नव्या पुस्तकांच्या दुकानात आणि पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात काम केले. तेथील एका वर्तमानपत्रात त्यांनी परीक्षणे लिहायला सुरुवात केली. दुकानात येणारे नवे पुस्तक आधी वाचायला मिळायचे आणि त्यावर लिहिले की चार पैसेही हाती यायचे. सुरुवात इतकी साधी होती. या काळातली परीक्षणे पुढच्या मानाने सामान्यच वाटतात. शब्द गोड असतात, पण हातात फारसे काही येत नाही.

१९०४ साली ‘पेटर कामेनत्सिंड’ ही कादंबरी बर्लिनच्या एस. फिशर यांनी काढली आणि हेसे एका वर्षात प्रसिद्ध झाले. दुकानातली नोकरी सुटली, लग्न झाले, बोडन सरोवराच्या काठी गायेनहोफेन या खेड्यात बिऱ्हाड केले. दुसरा कोणी असता तर त्याने परीक्षणे तिथेच थांबवली असती. हेसे यांचे उलट झाले. प्रकाशक आता पार्सलांनी पुस्तके पाठवू लागले आणि ते निरनिराळ्या वर्तमानपत्रांतून व मासिकांतून त्यांवर लिहू लागले. १९०७ पासून म्युनिकच्या आल्बर्ट लांगेन यांनी ‘मेर्त्स’ म्हणजे मार्च नावाचे नियतकालिक काढले, त्याचे ते पाच-सहा वर्षे सहसंपादक होते. कैसरच्या मनमानी कारभाराला विरोध करणारे हे पत्र होते.

त्याच ‘मेर्त्स’मध्ये १९१० साली त्यांनी थॉमस मान यांच्या ‘महाराजकुमार’ म्हणता येईल अशा कादंबरीवर लिहिले. मान तेव्हाच मोठे लेखक होते. त्यांची आणि हेसे यांची ओळख १९०४ साली फिशर यांनीच म्युनिकमध्ये करून दिली होती, दोघांचा प्रकाशक एक होता. संकोच करायला एवढी कारणे पुरेशी होती. हेसे यांनी मान यांच्या कौशल्याचे कौतुक केले आणि पुढे स्पष्ट सांगितले की पात्रांच्या लकबी पुन्हा पुन्हा ठसवून लेखक सामान्य वाचकाच्या सोयीसाठी खुणा करीत बसतो, हे त्याच्या उंचीला शोभत नाही. मान यांनी पत्र लिहून आपली बाजू मांडली. संबंध तुटले नाहीत. पुढे हेच दोघे एकमेकांचे अखेरपर्यंतचे मित्र झाले आणि हेसे यांना नोबेल मिळावे म्हणून मान यांनी बराच प्रयत्न केला. आपल्याकडे एखाद्या स्नेह्याच्या पुस्तकावर असे लिहिले तर पुढच्या प्रकाशन समारंभाचे निमंत्रण येईल की नाही याची शंकाच आहे.

असे परखड परीक्षण हेसे यांनी क्वचितच लिहिले. त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. जे पुस्तक आपल्याला भावले नाही त्यावर शक्यतो लिहायचेच नाही, गप्प राहायचे. वाईट पुस्तक आपोआप मरते, त्याला मारण्यात वेळ कशाला घालवायचा, चांगले पुस्तक मात्र कोणी सांगितल्याशिवाय लोकांपर्यंत पोहोचत नाही, अशी त्यांची धारणा होती. या नियमावर आक्षेप घेता येतो. ज्याला सगळेच चांगले वाटते त्याच्या शिफारशीला किंमत काय, असे कोणीही विचारील. आणि हे खरे आहे की त्यांनी वाखाणलेली बरीच पुस्तके आज जर्मनीतही कोणाला आठवत नाहीत. पण घरी येणाऱ्या ढिगातून कोणते उचलायचे आणि कोणते बाजूला ठेवायचे, यातच त्यांचा अर्धा निवाडा होऊन जात असे. कचेरीत फायलीवर दोन ओळींचा शेरा मारणाऱ्याला हे चांगले समजेल. काही वेळा शेरा न मारता फाइल पुढे न पाठवणे हाही शेराच असतो.

१९११ मध्ये हेसे पूर्वेच्या प्रवासाला निघाले. श्रीलंका, पेनांग, सिंगापूर, सुमात्रा पाहून ते परतले. आईच्या जन्मगावी जायचे राहूनच गेले, भारताच्या भूमीवर त्यांचे पाऊल पडले नाही. हिंदुस्थान त्यांना भेटला तो पुस्तकांतून, डॉयसन यांनी भाषांतरित केलेल्या उपनिषदांतून, ओल्डेनबर्ग यांच्या बुद्धचरित्रातून आणि भगवद्गीतेतून. पुढे रिखार्ड विल्हेल्म यांनी चिनी ग्रंथांची भाषांतरे एकामागून एक काढली. लाओ त्से, च्वांग त्सू, कन्फ्यूशियस अशी ही पुस्तके आली की हेसे त्यांवर लिहीत आणि वाचकांना ती घ्यायला सांगत.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते स्वित्झर्लंडमध्ये बर्नला राहत होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये झुरिकच्या वर्तमानपत्रात त्यांनी एक लेख लिहून लेखक-कलावंतांना विनंती केली की निदान आपण तरी द्वेषाच्या आरोळीत सूर मिसळू नये, शत्रुराष्ट्राची पुस्तके नि चित्रे वाईट ठरवू नयेत. यावर जर्मन वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवले. कालचे चाहते आज शिव्यांची पत्रे लिहू लागले. याच दिवसांत वडील वारले, धाकटा मुलगा गंभीर आजारी झाला, पत्नीचे मानसिक स्वास्थ्य ढळले, त्यांना स्वतःलाही मनोविश्लेषकाकडे जावे लागले.

आणि या सगळ्यात ते रोज काय करीत होते, तर पुस्तके निवडत होते. फ्रान्स, इंग्लंड, रशिया, इटली या देशांतल्या छावण्यांमध्ये जर्मन युद्धकैदी अडकून पडले होते. त्यांना पुस्तके पाठवण्याची एक कचेरी रिखार्ड वोल्टेरेक या प्राध्यापकांबरोबर हेसे यांनी बर्नमध्ये चालवली. प्रकाशकांकडे, ओळखीच्यांकडे पुस्तके मागायची, आलेली चाळायची, कोणत्या छावणीला काय पाठवायचे ते ठरवायचे, गठ्ठे बांधायचे. ट्युबिंगेनची उमेदवारी इथे कामाला आली. कोणी शेतकरी होता, कोणी शिक्षक, कोणी विद्यार्थी. तारेच्या कुंपणामागे दोन-तीन वर्षे बसलेल्या माणसाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न कुठल्याही समीक्षेच्या सिद्धांतापेक्षा अवघड आहे. मनाजोगती पुस्तके मिळेनात तेव्हा युद्धाच्या शेवटी त्यांनी कैद्यांसाठी बावीस छोट्या पुस्तिकांची माला स्वतःच काढली. कैद्यांसाठी निघणाऱ्या पत्रांचे संपादनही केले. हे काम करता करता त्यांच्या डोळ्यांचे जुने दुखणे वाढत गेले.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ‘डेमिआन’ ही कादंबरी त्यांनी एमिल सिंक्लेअर या टोपणनावाने काढली. नवोदितांसाठी असलेला फोंटाने पुरस्कार तिला मिळाला आणि पुढच्या वर्षी लेखक कोण ते बाहेर फुटल्यावर हेसे यांनी तो परत केला. आपल्या नावाशिवाय आपले पुस्तक कसे वाचले जाते हे ज्याने अनुभवले आहे, तो दुसऱ्याचे नाव पाहून परीक्षण लिहिणार नाही.

त्याच सुमारास त्यांनी दोस्तोयेव्हस्की यांच्यावर लेख लिहिले. युरोपची जुनी चौकट मोडते आहे आणि पुढे काय येणार आहे ते करामाझोव्ह बंधूंच्या कादंबरीत आधीच दिसले होते, असे त्यांचे म्हणणे. ‘अनागोंदीत डोकावताना’ अशा अर्थाच्या नावाने १९२० मध्ये हे लेख पुस्तकरूपाने आले. इंग्रजी कवी टी. एस. एलियट यांनी ते वाचले, १९२२ मध्ये ते हेसे यांना येऊन भेटले आणि आपल्या ‘द वेस्ट लँड’ या काव्याच्या टिपांत त्यांनी या पुस्तकाचा आधार दिला.

युद्धानंतर घर मोडले होते. १९१९ च्या वसंतात हेसे एकटेच दक्षिण स्वित्झर्लंडमध्ये मोंटान्योला या डोंगरावरच्या गावी गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. गावची भाषा इटालियन, ते लिहिणार जर्मनमध्ये. १९२४ मध्ये त्यांनी स्विस नागरिकत्व घेतले. राज्य एक आणि लिहिण्या-वाचण्याची भाषा दुसरी, ही अवस्था आपल्यासारख्यांना समजावून सांगायला नको. जर्मनीत चलन कोसळले तेव्हा तिकडून येणाऱ्या मानधनात भाकरीही येईना. हस्तलिखित कवितांवर रंगीत चित्रे काढून ती विकायची, स्विस वर्तमानपत्रांत परीक्षणे लिहायची, यावर संसार चाले. ‘सिद्धार्थ’ १९२२ मध्ये पूर्ण झाली ती या ओढगस्तीत.

या काळातले परीक्षक हेसे मला सर्वांत जास्त आवडतात. फ्रान्झ काफ्का १९२४ मध्ये वारले तेव्हा त्यांना फार थोडे लोक ओळखत. मित्राने त्यांच्या मागे ‘खटला’ ही कादंबरी छापली आणि १९२५ मध्येच हेसे यांनी तिच्यावर लिहून वाचकांचे लक्ष वेधले. पुढेही काफ्कांचे प्रत्येक पुस्तक येईल तसे ते लिहीत राहिले. तीच गोष्ट रॉबर्ट वाल्झर यांची. हा स्विस लेखक दारिद्र्यात राहिला आणि शेवटची पंचवीसहून अधिक वर्षे मनोरुग्णालयांत होता. हेसे यांनी १९०९ पासून त्यांची बाजू घेतली. वाल्झर यांना लाखभर वाचक लाभले तर जग थोडे बरे होईल, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ते वाचक वाल्झर यांच्या हयातीत आले नाहीत. आज काफ्का आणि वाल्झर ही नावे जर्मन साहित्यात कुठे आहेत ते पाहिले म्हणजे वाटते, विसरल्या गेलेल्या त्या इतर शिफारशी माफ करायला हरकत नाही.

१९२९ मध्ये रेक्लाम या प्रकाशन संस्थेने त्यांची ‘जागतिक साहित्याचे ग्रंथालय’ ही छोटी पुस्तिका काढली. रेक्लामची पुस्तके म्हणजे विद्यार्थ्याला परवडणारी, खिशात मावणारी. घरी चांगले ग्रंथालय कसे जमवावे, असा तिचा विषय. सुरुवात उपनिषदे आणि बुद्धाच्या उपदेशापासून होते हे आपल्याला सुखावते, पण तिचे खरे मोल वेगळे आहे. अमुक शंभर पुस्तके वाचलीच पाहिजेत असा दंडक ते घालीत नाहीत. ज्याच्यावर जीव जडेल तिथून सुरुवात करा, कर्तव्य म्हणून वाचू नका, असे सांगतात आणि मग आजोबांच्या कपाटांपासून आपण कसे वाचत आलो याची हकिकत देतात. वाचकांचे तीन प्रकार सांगणारा त्यांचा एक निबंध आहे. पहिला वाचक कथेमागे मुकाट्याने चालतो, दुसरा लेखकाच्या हिकमती ओळखून त्याच्याशी खेळतो, तिसरा इतका मोकळा असतो की आगगाडीचे वेळापत्रकही त्याला विचार करायला पुरते. गंमत म्हणजे तिसऱ्याला ते श्रेष्ठ ठरवीत नाहीत. एकच माणूस दिवसाच्या निरनिराळ्या वेळी तिन्ही असतो.

१९३१ मध्ये एका मित्राने गावाबाहेर बांधून दिलेल्या घरात ते राहायला गेले आणि निनॉन यांच्याशी त्यांचे तिसरे लग्न झाले. निनॉन जन्माने ज्यू होत्या. हेसे यांचे डोळे आता दिवसभराच्या वाचनाला साथ देत नसत, म्हणून संध्याकाळी निनॉन त्यांना मोठ्याने वाचून दाखवीत.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. फेब्रुवारीत थॉमस मान आणि बेर्टोल्ट ब्रेख्त दोघेही जर्मनी सोडून निघाले आणि वाटेत मोंटान्योलाला येऊन गेले. मे महिन्यात जर्मनीच्या चौकाचौकांत पुस्तके जाळली गेली. ज्यू लेखकांची नावे वर्तमानपत्रांतून नाहीशी होऊ लागली. त्यांची पुस्तके अजून काही ठिकाणी छापली जात, पण त्यांवर कोणी लिहीत नसे, आणि ज्या पुस्तकावर कोणी लिहीत नाही ते न छापल्यासारखेच. हेसे यांच्यापुढे दोन सोपे रस्ते होते. जाहीर निषेध करून जर्मनीशी संबंध तोडावा, म्हणजे अंतःकरण स्वच्छ राहील. किंवा गप्प बसावे, म्हणजे स्वतःची पुस्तके तिकडे विकली जात राहतील. त्यांनी यातले काहीच केले नाही. बर्लिनच्या फिशर प्रकाशनाच्या ‘नोये रुंडशाउ’ या मासिकात ते परीक्षणे लिहीत राहिले आणि त्यांत ज्यू लेखकांची पुस्तके इतर पुस्तकांच्या मांडीला मांडी लावून बसवली. काफ्कांच्या साहित्याचे खंड १९३५ मध्ये बर्लिनच्या एका ज्यू प्रकाशकाने काढले, त्यांवरही त्यांनी लिहिले. त्यात घोषणा नव्हत्या. हे पुस्तक आले आहे, ते चांगले आहे, वाचा, एवढेच. पण त्या देशात त्या वर्षी एवढे म्हणायला दुसरा कोणी उरला नव्हता.

शिवाय १९३५ पासून स्टॉकहोमच्या ‘बोनियर’ प्रकाशनाच्या साहित्यपत्रात त्यांनी नव्या जर्मन पुस्तकांचा आढावा लिहायला घेतला. जर्मनीबाहेरचे पत्र असल्याने इथे हात अधिक मोकळा होता. राजवटीला नको असलेल्या ज्यू लेखकांना आणि ख्रिस्ती धर्मनिष्ठ लेखकांना त्यांनी या आढाव्यात जागा दिली. नोव्हेंबर १९३५ मध्ये विल वेस्पर या नाझी साहित्यिकाने आपल्या मासिकातून हल्ला चढवला. हेसे यांनी जर्मन साहित्य जर्मनीच्या शत्रूंना आणि ज्यूंना विकले, असा आरोप होता. त्याच महिन्यात हेसे यांचा धाकटा भाऊ हान्स याने आत्महत्या केली.

भावाचे दिवस होतात न होतात तोच दुसरा तडाखा बसला, आणि तो आपल्या माणसांकडून. जानेवारी १९३६ मध्ये पॅरिसमध्ये परागंदा जर्मनांनी चालवलेल्या दैनिकात गेओर्ग बेर्नहार्ड यांनी लिहिले की हेसे अजून जर्मन वर्तमानपत्राशी संबंध ठेवून आहेत आणि सगळे काही ठीक असल्याचा देखावा उभा करायला गोबेल्सला मदत करीत आहेत. बेर्नहार्ड यांनी स्वतः घरदार गमावले होते, त्यांचा संताप समजू शकतो. पण आरोप अन्यायाचा होता. बर्लिनमध्ये ज्यूंचा हस्तक आणि पॅरिसमध्ये गोबेल्सचा मदतनीस, अशी दोन्ही बिरुदे एका माणसाला दोन-तीन महिन्यांच्या आत मिळाली, आणि ती मिळाली पुस्तकपरीक्षणे लिहिल्याबद्दल.

हेसे खचले. १९३६ मध्ये त्यांनी स्टॉकहोमचे काम सोडले, बर्लिनच्या मासिकातले लेखनही संपत आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोबेल्सने हुकूम काढून जर्मनीत कलासमीक्षेवरच बंदी घातली. यापुढे कलाकृतीचे वर्णन करावे, निवाडा करू नये, असा तो हुकूम होता. हुकूमशहाला परीक्षकाची भीती का वाटावी याचा खुलासा वेगळा करायला नको. हेसे यांनी थांबून चूक केली असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. साठीला आलेला, डोळ्यांनी अधू माणूस तीन वर्षे एकट्याने ही खिंड लढवीत होता.

त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांनाही किंमत मोजावी लागली. जर्मनीत त्यांच्या नव्या आवृत्त्यांना कागद मिळेनासा झाला, ‘स्टेपनवोल्फ’सारखी पुस्तके पुन्हा छापू दिली नाहीत. अकरा वर्षे खपून लिहिलेली ‘काचमण्यांचा खेळ’ बर्लिनमध्ये छापण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांचे प्रकाशक पेटर सुरकांप यांनी खटपट केली, ती फुकट गेली. शेवटी १९४३ मध्ये ती झुरिकला छापली. सुरकांप यांना १९४४ मध्ये अटक झाली, छळछावणीतून ते कसेबसे जिवंत सुटले. या सगळ्या वर्षांत मोंटान्योलाच्या घरी निर्वासितांची रीघ होती. कोणासाठी शिफारसपत्र, कोणासाठी परवाना, कोणासाठी पैसे, हे हेसे पती-पत्नी करीत राहिले. परीक्षणे लिहिणारा हात आता अर्ज लिहीत होता, एवढाच फरक.

१९४६ मध्ये नोबेल जाहीर झाले तेव्हा प्रकृतीमुळे ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. त्यानंतर जगभरातून पत्रे आणि पाहुणे यांचा पूर लोटला, इतका की फाटकावर भेटीस येऊ नये अशी पाटी लावावी लागली. पत्रांना मात्र ते उत्तरे देत. परीक्षणे कमी झाली तरी पूर्ण थांबली नाहीत. एखाद्या तरुण लेखकाचे पुस्तक आवडले तर चार ओळी लिहून वर्तमानपत्राकडे पाठवायची सवय शेवटपर्यंत होती.

८ ऑगस्ट १९६२ च्या संध्याकाळी त्यांनी रेडिओवर मोझार्टची रचना ऐकली, निनॉन यांनी नेहमीप्रमाणे वाचून दाखवले, आणि ९ ऑगस्टच्या पहाटे झोपेतच ते गेले. मोंटान्योलाजवळ सांत आबोंदियो चर्चच्या दफनभूमीत त्यांना पुरले आहे. परीक्षणे साठ वर्षांच्या साठेक नियतकालिकांत विखुरली होती. फोल्कर मिखेल्स या संपादकाने ती वर्षानुवर्षे शोधून काढून एकत्र केली. ते पाच खंड असे तयार झाले. त्यांचे जर्मन नाव मराठीत आणायचे तर ‘पुस्तकातले जग’ असे म्हणता येईल.